रंगीत गिलाव्याच्या बाहेरच्या भिंती : शेवाळ, काळे ओघळ, गंज, लोणा. रंग न मारता साफ कशा करायच्या?

शाहूपुरी_सातारा
सातारा शहर, तळमजला अधिक एक. बाहेरून रंगीत गिलावा आहे, म्हणजे वरून फासलेला रंग नव्हे. पांढरं सिमेंट, चाळलेली वाळू आणि ऑक्साईड एकत्र कालवून दिलेला शेवटचा हात, जाडी ६ ते ८ मिमी, पोत खडबडीत, छटा फिकी बदामी. वय ९ वर्षं. एकूण बाहेरची भिंत अंदाजे १,४०० चौरस फूट.

तक्रारी अशा :
उत्तरेची भिंत जोत्यापासून पाच फुटांपर्यंत हिरवी-काळी.
पश्चिमेच्या खिडक्यांच्या सिलच्या दोन्ही टोकांखाली काळे ओघळ.
ग्रिलखाली गंजाचे दोन डाग, हाताच्या तळव्याएवढे.
पूर्वेला जोत्यालगत पांढरी पूड.

रंगारी म्हणतो, ॲसिडनं धुऊन घेऊ, मग प्रायमर आणि एक्स्टिरिअर इमल्शनचे दोन हात. रंग मारायचा नाही हे पक्कं आहे. कशानं काय जाईल, प्रमाणासकट सांगा.

---

ओळंबा
रंगाऱ्याला आधी थांबवा. बाथरूमच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक असतं आणि गिलाव्यातला वाळूचा कण न् कण धरून ठेवलेला असतो सिमेंटनं. ते ॲसिड सिमेंटच खातं. डाग वरच्या पापुद्र्यासकट उतरतो म्हणून त्या दिवशी भिंत झकास दिसते. पुढच्या पावसाळ्यात हात फिरवा, वाळू हाताला लागेल. उघडी पडलेली भिंत आधीपेक्षा जास्त पाणी पिते आणि शेवाळ दुप्पट जोमानं येतं. शिवाय बदामी, पिवळा, गेरू या सगळ्या छटा लोहाच्या ऑक्साईडच्या. तीव्र ॲसिडनं तेही थोडं थोडं विरघळतं आणि ठिकठिकाणी पिवळे ढग उठतात. ते मग कशानंही जात नाहीत.

तुमच्या यादीत चार वेगळे रोग आहेत, एका औषधानं जाणार नाहीत. आधी खात्री करून घ्या.

हिरवं-काळं : कापसाच्या बोळ्यानं पातळ केलेलं सोडियम हायपोक्लोराईट (द्रवरूप ब्लीच, थोडक्यात हायपो) डागावर लावा. दोन-तीन मिनिटांत रंग उडाला तर ते शेवाळ किंवा बुरशी. काळं तसंच राहिलं तर धूळ, काजळी किंवा राख. सिलखालच्या ओघळांवर हे जरूर करून बघा, कारण त्यात बहुतेक वेळा दोन्ही मिसळलेलं असतं.

पांढरी पूड : पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर पाण्यात जाणारे क्षार. विरघळली नाही पण व्हिनेगरच्या थेंबानं फसफसली तर सिमेंटातून बाहेर आलेला चुना, कॅल्शियम कार्बोनेट झालेला. दोघांचा उपचार उलटा आहे, म्हणून हा थेंब चुकवू नका.

आणि अगदी पहिलं काम : कोपऱ्यात, नजरेस न येणाऱ्या जागी खिळ्यानं ओरखडा काढा. आत त्याच रंगाची भुकटी निघाली तर खरा रंगीत गिलावा. पातळ पापुद्रा सुटून आत करडं सिमेंट दिसलं तर तो ॲक्रिलिक टेक्स्चर. हल्ली दोन्हीला लोक एकच नाव देतात, पण टेक्स्चरला कडक ब्रश, थिनर आणि गरम पाणी चालत नाही.

---

हरभटरोड
ओळंबांचा बोळ्याचा प्रयोग आमच्या सांगलीकडे फार महत्त्वाचा. गळिताचा हंगाम सुरू झाला की बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख वाऱ्यावर येते आणि खडबडीत पोतात बसते. लांबून हुबेहूब बुरशी वाटते. लोक हायपो ओतत राहतात, काही होत नाही, मग आणखी तीव्र करतात. जळालेल्या कार्बनचा रंग हायपोनं उडत नाही.

अशी भिंत आधी ओली करू नका. राख कोरडी असताना हलकी असते, मऊ केरसुणीनं किंवा ब्लोअरनं वरून खाली झाडली की निम्म्याहून जास्त सुटते. ओली करून घासली की तिचा लगदा होतो आणि खळग्यात चेपून बसतो. झाडल्यावर १० लिटर कोमट पाण्यात ३० ते ४० मिली भांडी धुण्याचं लिक्विड, मऊ नायलॉन ब्रश, गोल गोल हात. धुण्याची पावडर नको, तिच्यातला सोडा भिंतीत क्षार सोडून जातो.

कराडकडेही हाच प्रकार, तिथं वर वीटभट्टीचा धूर.

---

मोजमाप
शेवाळाची प्रमाणं देतो. दोन औषधं आहेत, दोन्हींचं काम वेगळं.

१. सोडियम हायपोक्लोराईट. कॅनमध्ये मिळतं ते ताजं असताना १० ते १२ टक्के. भिंतीला दीड टक्का पुरे. १२ टक्क्यांचं असेल तर १ लिटरला ७ लिटर पाणी, १० टक्क्यांचं असेल तर १ लिटरला साधारण पावणेसहा. ऊन आणि उष्णतेनं ते उतरतं, दुकानाच्या दारात उन्हात पडलेला कॅन घेऊ नका. भिंत आधी साध्या पाण्यानं भिजवा, म्हणजे औषध आत शोषलं न जाता वर राहतं. मग खालून वर लावत जा. वरून सुरुवात केली की ओघळ कोरड्या भागावर उतरतात आणि त्यांचे पट्टे कायमचे दिसतात. १० ते १५ मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, मग वरून खाली भरपूर पाण्यानं धुवा.

हे झटपट रंग उडवतं, पण खोल मुळापर्यंत जात नाही आणि मागं असर राहत नाही. एकट्या हायपोवर भागवलं तर पुढच्या पावसाळ्यात परत हिरवं.

२. बेंझाल्कोनियम क्लोराईड, बीकेसी. ५० किंवा ८० टक्क्यांचं मिळतं. कोंबड्यांच्या औषधांच्या दुकानात विचारा, पोल्ट्रीवाले शेड निर्जंतुक करायला हेच वापरतात. भिंतीवर २ टक्के. १६ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ५० टक्क्यांचं ६४० मिली किंवा ८० टक्क्यांचं ४०० मिली. खडबडीत पोताला लिटरमागे ५ ते ६ चौरस मीटर धरा. तुमची उत्तरेची भिंत ३५० चौरस फूट असेल तर साडेबत्तीस चौरस मीटर, म्हणजे साडेसहा लिटर द्रावण खूप झालं.

हे मारून धुवायचं नाही. निदान एक दिवस, जमल्यास दोन, पाऊस नको. आधी काहीच झालं नाही असं वाटतं. आठवडाभरात हिरवं तपकिरी पडतं, नंतर तीन-चार आठवड्यांत वाळून सुटतं आणि साध्या ब्रशनं निघतं.

यात दोन चुका हमखास होतात. साबणानं भिंत धुतली आणि साबण पुरता न काढता बीकेसी मारलं : साबणाचे आणि बीकेसीचे विद्युतभार उलटे, दोघं एकमेकांना धरून निकामी होतात. दुसरी, हायपो आणि बीकेसी एकाच पंपात. असं करू नका. हायपो आधी, धुऊन भिंत वाळू द्या, मग बीकेसी.

आणि हायपोला कुठल्याही ॲसिडजवळ, अगदी व्हिनेगरजवळही, नेऊ नका. क्लोरीन वायू सुटतो.

---

घाटमाथा
तासगावला द्राक्षवाले भिंतीच्या शेवाळावर मोरचूद मारतात आणि शेवाळ मरतंही. यांना तेच स्वस्तात नाही का पडणार?

---

मोजमाप
शेवाळ मरतं, वाद नाही. पण मोरचुदाचं पाणी आम्लधर्मी. गिलाव्यातल्या चुन्याला भेटलं की निळसर-हिरवा साका तिथल्या तिथं बसतो. बागेत आपण बोर्डो मिश्रण मुद्दाम तसंच करतो, पानाला चिकटावं म्हणून. बदामी भिंतीला ते चिकटायला नको आहे. फरशी-कोब्यावर ठीक, रंगीत गिलाव्यावर नको.

---

रंधा_थापी
सगळे औषधावर बोलतायत, पाणी येतंय कुठून ते कोणी बघेना.

सिलच्या दोन्ही टोकांखाली काळे ओघळ, मधे भिंत स्वच्छ. याचा अर्थ सिलची पुढची कड काम करतेय, टोकं करत नाहीत. कडप्प्याची किंवा ग्रॅनाईटची पट्टी भिंतीच्या तोंडापाशी सपाट संपते, वर वर्षभराची धूळ, पहिला पाऊस ती धूळ घेऊन टोकावरून भिंतीवर उतरतो. कितीही धुवा, जूनमध्ये परत तेच.

उपाय : सिल घासून पूर्ण वाळवा. दोन्ही टोकांना, कडेपासून १० मिमी आत, सिलिकॉन सीलंटचा ६ मिमी उंचीचा बांध घाला, मागं चौकटीपासून पुढच्या कडेपर्यंत. पाणी मग टोकाकडं न जाता पुढून पडतं. सीलंट न्यूट्रल क्युअर मागा. व्हिनेगरसारखा वास येतो तो ॲसिटिक प्रकार, तो दगडाला आणि सिमेंटला नीट धरत नाही, वर्षभरात सोलून येतो.

मग सिलखाली हात घाला. पुढच्या कडेपासून २० ते २५ मिमी आत खाच लागते का? नसेल तर ४ इंची ग्राइंडरनं ६ ते ८ मिमी खोल खाच मारता येते. पण दगडाची पट्टी १८ मिमीपेक्षा पातळ असेल तर कापू नका, फुटेल. तिथं १२ बाय १२ मिमीचा ॲल्युमिनियम अँगल त्याच सीलंटनं खालून चिकटवा. पाणी पट्टीच्या पोटाला धरून भिंतीकडं सरकत येतं, तिथं अडून थेंब होऊन गळतं. छज्जाला पण हीच तपासणी.

पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) डोक्यावरचा उतार गच्चीकडं हवा. बाहेर उतार असेल तर अख्ख्या भिंतीला पट्टे पडणारच. आणि टाकीचा ओव्हरफ्लो, एसीचा ड्रेन पाईप! अर्ध्या सातारा शहरात हिरव्या पट्ट्याच्या वर मान केली की एसीचा पांढरा पाईप लोंबत असतो.

---

ओळंबा
रंधा_थापींना +१. उत्तरेच्या भिंतीबद्दल एक भर. आपल्याकडं पावसाचा मारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून. पश्चिमेची भिंत भिजते खूप, पण उघडीप मिळाली की दुपारचं ऊन तिला वाळवतं. उत्तरेची कमी भिजते आणि वाळत मात्र नाही. म्हणून शेवाळ तिथं. भिंतीला खेटून झाडं किंवा पत्र्याची शेड असेल तर किमान दीड-दोन फूट अंतर मोकळं करा, वारा फिरला पाहिजे.

---

क्षारपड
जोत्यालगतच्या पांढऱ्या पुडीवर मी लिहितो, कारण वाळवा-मिरज पट्ट्यात कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीमुळं हा प्रकार घराघरात. साताऱ्यात तेवढा नसतो, असेल तर कारण बहुधा घरातच सापडतं.

थेंबानं विरघळणारी पूड असेल तर पाणी मारू नका. पाण्यानं क्षार विरघळतो, परत गिलाव्यात शिरतो, वाळताना पुन्हा बाहेर येतो, आणि प्रत्येक खेपेला स्फटिक वाढताना वरचा थर आतून ढकलतो. पापुद्रे सुटतात ते यामुळं. कोरड्या दिवसांत खाली प्लास्टिकचा कागद अंथरा, कोरड्या नायलॉन ब्रशनं पूड झाडा, कागद उचलून लांब टाका. खाली मातीत पडू दिली तर तीच परत वर चढते. तारेचा ब्रश नको, त्याचे तुकडे पोतात अडकून गंजतात. दर आठ-दहा दिवसांनी असं झाडत राहा, पूड कमी होत जाते.

तरी राहिली तर लगदा. जुनी वर्तमानपत्रं रात्रभर भिजवून चुरायची, स्वच्छ पाण्याचा लगदा १ सेंटिमीटर जाड लिंपायचा, पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना क्षार ओढून घेतो, मग सोलून फेकून द्यायचा. दोन-तीन वेळा. रंगीत छपाईचे कागद नकोत, शाई उतरते. पाणी बोअरचं नको. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं नुसती भिंत धुतली तरी वाळल्यावर पांढरे पट्टे दिसतात. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं वापरा, शेवटच्या धुण्याला तरी.

व्हिनेगरनं फसफसणारा पांढरा थर असेल तर तो पाण्यानं जात नाही. सल्फॅमिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅम, आधी भिंत चिंब भिजवून, हाताएवढ्या जागेवर, दोन मिनिटं, मग भरपूर पाणी. ॲसिडच आहे हे, सौम्य म्हणून सगळ्या भिंतीला फासू नका.

आणि कारण शोधा. पूर्वेला फुलझाडांचा वाफा भिंतीला लावलाय का? पेव्हिंग ब्लॉक बसवताना माती जोत्याच्या वर गेली का? जोत्यातल्या डीपीसीच्या (जमिनीची ओल अडवणाऱ्या थराच्या) वर माती आली की त्या थराचा उपयोग शून्य. माती जोत्याच्या पातळीपासून किमान १५० मिमी खाली हवी.

---

शाहूपुरी_सातारा
पूर्वेला वाफाच आहे. तुळस, जास्वंद, कढीपत्ता. माती भिंतीला टेकलेली, जोत्याच्या दोन इंच वर.

---

क्षारपड
मग झालं तर. वाफा १८ इंच पुढं सरकवा, मधल्या पट्टीत २० मिमी खडी भरा, ४ इंच जाडीची. खडीचा दुसरा फायदा, पावसाच्या थेंबानं माती उडून भिंतीला लागत नाही.

---

हरभटरोड
गंजाचं राहिलं. हे बदामी भिंतीवर सगळ्यात अवघड आहे, म्हणून नीट वाचा.

गंजावर ऑक्झॅलिक ॲसिड काम करतं, लोहाचा ऑक्साईड विरघळवून. आणि तुमच्या भिंतीचा रंगसुद्धा लोहाचाच ऑक्साईड. त्याला गंज कोणता आणि रंग कोणता हे कळत नाही. जास्त वेळ ठेवलं तर गंजाच्या जागी फिका पांढरट ठिपका उरतो, आणि तो गंजापेक्षा वाईट दिसतो.

म्हणून : गंजाचं मूळ आधी बंद करा. ग्रिलचे खालचे टोक घासून रेड ऑक्साईड प्रायमर आणि एनॅमल. मग लिटरला ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड कोमट पाण्यात, टाल्कम पावडर घालून लोण्यासारखी पेस्ट. खडूची पूड किंवा व्हाइटिंग नको, ती चुन्याची असल्यानं ॲसिड तिच्यातच संपतं. भिंत भिजवा, पेस्ट फक्त डागावर, ५ मिनिटं, पुसून धुवा, वाळल्यावर बघा. फरक पडला तर परत ५ मिनिटं. डाग ७० टक्के गेला की थांबा. उरलेलं डोळ्याला खपतं. पहिला प्रयोग जिन्यामागच्या कोपऱ्यात.

विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच, पोरं-जनावरं लांब. आणि हायपो मारलेल्या भिंतीवर त्याच दिवशी नाही.

---

घाटमाथा
सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप भाड्यानं मिळतो. अख्खी भिंत दोन तासांत होते. नको म्हणायला कारण?

---

रंधा_थापी
गाडी धुवायचा पंप १०० बारच्या वर फेकतो. गाडीचा पत्रा तो सोसतो, ६ मिमीच्या गिलाव्यातली वाळू सोसत नाही. अरुंद नोझल जवळ धरलं की भिंतीवर चक्क रेघा कोरल्या जातात, आणि त्या पुढं उन्हाच्या तिरप्या प्रकाशात दिसतच राहतात. वर चिरांतून आणि चौकटीच्या फटीतून पाणी आत मारलं जातं ते वेगळंच.

यंत्रच हवं तर शेतातला फवारणीचा एचटीपी पंप आणा, २० ते ३० किलो दाब, म्हणजे साधारण तेवढेच बार. पंख्यासारखं पसरट नोझल, भिंतीपासून दीड फूट, आणि धार तिरपी वरून खाली. वरच्या दिशेनं कधीच नाही. मेलेलं शेवाळ तेवढ्यानं सुटतं. सुटलं नाही तर ते अजून मेलेलं नाही, दाब वाढवू नका, आणखी आठ दिवस थांबा.

त्याआधी सगळ्या भिंतीवर लाकडी मुठीनं ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भद भद आला तर आतून सुटलंय. तिथं खडूनं गोल करा आणि पंप लांबच ठेवा.

---

ओळंबा
सुटलेल्या जागा आणि चिरा यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण रंगीत गिलाव्याचं खरं दुखणं इथं आहे. साध्या गिलाव्यावर ठिगळ लावून रंग मारला की संपलं. इथं ठिगळ कायम दिसतं.

चिरा. साध्या झेरॉक्सचा कागद ०.१ मिमी जाड असतो. एकावर एक तीन कागद चिरेत शिरले नाहीत तर ती केशचीर, सोडून द्या. भरायला गेलात की बारीक रेघेची जाड रेघ होते. शिरले तर ती पाणी घेते. सांगली-मिरजेकडं काळ्या मातीवरच्या पायात तीच चीर उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते. अशा जिवंत चिरेत सिमेंट भरून उपयोग नाही. चिरेवर आडवा पीओपीचा छोटा ठिपका लावून तारीख लिहा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. ठिपका तडकला तर चीर हलतेय. तिथं लवचिक ॲक्रिलिक सीलंट, आणि ओला असतानाच त्यावर जुळत्या रंगाची कोरडी वाळू दाबायची, म्हणजे चकाकी जाते.

सुटलेला भाग. काढायचा तर वेडावाकडा नको. ग्राइंडरनं चौकोनी कापा, आणि जमेल तिथं नैसर्गिक सीमेपर्यंत न्या : कोपरा, खाच, खिडकीची कड, पाईपामागची रेघ. भिंतीच्या मधोमध पडलेला ठिगळाचा चौकोन कितीही जुळवला तरी दिसतो. तेच कोपऱ्यापर्यंत नेलं की डोळा पुढं सरकतो.

मिश्रण : १ भाग पांढरं सिमेंट, ३ भाग वाळू, ऑक्साईड सिमेंटच्या वजनाच्या २ ते ५ टक्के. ५ किलो सिमेंटला १०० ते २५० ग्रॅम. तराजूवर मोजा, चमच्यानं किंवा चिमटीनं नको. १० टक्क्यांच्या वर गेलात तर रंग गडद होत नाही, गिलावा मात्र कमजोर होतो. कोरडं असतानाच चाळणीतून तीनदा गाळून एकजीव करा, पाणी मोजून घाला आणि प्रत्येक खेपेला तेवढंच. पाणी वाढलं की छटा फिकी.

इथं बहुतेकांचं फसतं ते वाळूत. नऊ वर्षांपूर्वीचं काम नदीच्या वाळूतलं असेल. आता मिळते क्रश सँड, काळ्या दगडाची. करडी वाळू आणि पिवळा ऑक्साईड एकत्र आले की बदामीला मळकट हिरवट झाक येते. गवंडी मग ऑक्साईड वाढवत बसतो आणि झाक जात नाही. निघालेल्या जुन्या गिलाव्याचा तुकडा फोडून वाळूचा रंग बघा आणि तशी वाळू मिळवा. थोडीच लागते, बागकामाच्या दुकानात पिशवीत मिळते ती धुऊन-चाळूनही चालते.

फूटभर पत्र्यावर तीन नमुने करा, २, ३ आणि ४ टक्क्यांचे. सात दिवस वाळू द्या. ओला नमुना भिंतीशी जुळवलात तर वाळल्यावर फिका पडणार. आणि जुळवायचा तो धुतलेल्या भिंतीशी, आधी नाही.

---

शाहूपुरी_सातारा
उत्तरेला ठोकून बघितलं, टणक आहे. पश्चिमेला पॅरापेटखाली एक जागा भद वाजते, २ फूट बाय १ फूट.

सगळं झाल्यावर वरून काही पारदर्शक मारावं का? दुकानदार वॉटरप्रूफ क्लिअर कोट म्हणतोय, चकाकणारा.

---

मोजमाप
चकाकणारा नको. तो पापुद्रा धरतो. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, आधी दुधाळ होतो, मग फुगे, मग सोलतो, आणि सोलताना वाळू घेऊन जातो.

मारायचंच तर सिलेन-सिलोक्सेन प्रकारचं वॉटर रिपेलंट. ते आत मुरतं, पापुद्रा धरत नाही, वाफ जाऊ देतं आणि थेंब बाहेर ठेवतं. अटी : भिंत आतून कोरडी हवी, शेवटच्या पावसानंतर किंवा धुण्यानंतर किमान आठ दिवस. दोन हात एकामागून एक, पहिला ओला असतानाच दुसरा. खडबडीत पोताला लिटरमागे ३ ते ४ चौरस मीटर. मारल्यावर अर्ध्या तासात ओघळ पुसून घ्या, काचेवर उडालेलं लगेच.

हे ०.३ मिमीच्या वरच्या चिरांना अडवत नाही आणि जमिनीतून चढणारी ओलही नाही. म्हणून तुमच्या पूर्वेच्या भिंतीला, पांढरी पूड येणं पूर्ण थांबेपर्यंत, अजिबात नको. क्षार रिपेलंटच्या थरामागं साठतो आणि आख्खा थर उचलतो. फक्त पश्चिमेला मारा.

---

रंधा_थापी
मी असतो तर पश्चिमेलाही मारलं नसतं. सिलचे बांध आणि खाच केल्यावर एक पावसाळा बघितला असता. सातारा शहर म्हणजे जास्त पावसाचं यवतेश्वर-कास नव्हे, तिकडच्या बंगल्यांना मात्र रिपेलंटशिवाय निभाव नाही.

---

मोजमाप
हे पटण्यासारखं आहे. घाई नाहीच.

---

कृष्णाकाठ
जरा वेगळं, पण इथंच विचारतो. सांगलीत ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुराची गाळाची रेघ अजून रंगीत गिलाव्यावर आहे. कमरेएवढ्या उंचीवर, तपकिरी. धुतली तरी सावली राहते.

---

क्षारपड
गाळ बारीक चिकणमातीचा, पोताच्या आत जाऊन वाळलेला. नुसत्या धुण्यानं वरचा जातो. रेघेच्या वर-खाली फूटभर पट्टा नायलॉन ब्रशनं आधी कोरडा झाडा, मग मगाशी सांगितलेला कागदाचा लगदा, पाण्यात लिटरला १० मिली भांड्याचं लिक्विड घालून. वाळून सोलताना माती त्याला चिकटून येते. दुसरा लगदा साध्या पाण्याचा, साबण काढायला. रेघेच्या खालच्या भिंतीला ड्रेनेजचं पाणीही लागलेलं असतं, तिथं शेवटी बीकेसी. सावली पूर्ण जाईल असं नाही, दहा फुटांवरून दिसणार नाही एवढी जाईल.

---

शाहूपुरी_सातारा
सगळ्यांचे आभार. क्रम असा धरलाय, चुकत असेल तर सांगा :
ऑक्टोबर, परतीचा पाऊस थांबला की : ठोकून तपासणी पूर्ण, एसीचा पाईप वळवणे, सिलचे बांध आणि खाच, वाफा सरकवणे.
त्यानंतर : उत्तरेला बीकेसी.
दिवाळीआधी : ओघळांना हायपो, धुणे.
डिसेंबर-जानेवारी : पूर्वेची पूड झाडणे, गंज, पॅरापेटखालचं ठिगळ.
रोहिणी निघायच्या आत : उत्तरेला पुन्हा एकदा बीकेसी, १ टक्का.

---

ओळंबा
क्रम बरोबर आहे, थोडी भर. उत्तरेच्या भिंतीत दिवाळीच्या सुमाराला पावसाची ओल असतेच, पण बीकेसीला ते चालतं. शेवाळ ओलसर असताना औषध पिऊन घेतं. वाळून खडखडीत झालं असेल तर आदल्या संध्याकाळी हलकं पाणी शिंपडा. हायपो उन्हात नको, भिंत तापलेली असते आणि पाच मिनिटांत वाळतं. सकाळी नऊच्या आत.

ठिगळ जानेवारीत ठीक. सात दिवस दिवसातून तीनदा पाणी शिंपडून, पाईपची धार सोडून नाही. धारेनं ओला चुना बाहेर येतो आणि नव्या ठिगळावर पांढरी झाक बसते.

---

घाटमाथा
तुळस-कढीपत्त्याचं काय? औषध उडणार.

---

मोजमाप
मारण्याआधी झाडं आणि माती चिंब भिजवा, वरून ओलं पोतं, काम झाल्यावर परत भरपूर पाणी. तुळशीची आणि कढीपत्त्याची पानं महिनाभर खाऊ नका. आड किंवा माशांचं टाकं असेल तर झाका, बीकेसी माशांना फार वाईट.

पंपाचं बघा. शेजाऱ्याचा फवारणीचा पंप मागून आणणार असाल तर त्यात आधी तणनाशक होतं का ते विचारा. टू-फोर-डी नुसतं विसळून जात नाही, थोडं उरलं तरी जास्वंदीची पानं वाकडी होतात. नवा पंप घ्या आणि त्यावर मार्करनं 'भिंत' लिहून ठेवा.

---

शाहूपुरी_सातारा
शेजाऱ्याचाच आणणार होतो. नवा घेतो.